वेल्ड प्लेटपेक्षा मजबूत? कुठल्या प्लेटपेक्षा?

फॅब्रिकेशनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. गेल्या आठवड्यात तो मला तिघांनी पाठवला. त्यातला एक माझा भाचा. पत्र्याची शेड आणि ग्रिल करता करता त्याने आता पोकलेनच्या बकेटा आणि टिपरच्या बॉड्यांची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. मजकूर असा:

"वेल्ड मूळ प्लेटपेक्षा नेहमीच मजबूत असतो; तुटलीच तर प्लेट तुटेल. हाय-टेन्साइल प्लेटला तिच्याहून भारी रॉड वापरा. प्रीहीट बर्फाळ देशांसाठी असतं, आपल्याकडे प्लेट उन्हानेच तापलेली असते. रॉड हाताला कोरडा लागला की पुरे. बीड नाण्यांच्या चळतीसारखा पडला की आत दोष नसतो. एक्स-रे पास झाला की विषय संपला. आणि क्रॅक दिसलाच, तर वरून एक रन मारा."

खाली भाच्याने विचारलं होतं, "मामा, बरोबर आहे ना?" मी आयुष्यभर दुसऱ्याच्या वेल्डिंगमध्ये खोट काढून पगार घेतला, त्यामुळे एका शब्दात उत्तर देणं जमलं नाही. म्हणून हे. (नवख्यांसाठी: रॉड म्हणजे वेल्डिंगची कांडी, रन म्हणजे तिचा सांध्यावरून एक फेरा, बीड म्हणजे त्यातून पडलेली धातूची वळी, प्रीहीट म्हणजे वेल्डिंगआधी प्लेट तापवणं, हाय-टेन्साइल म्हणजे जास्त ताकदीची प्लेट.)

आधी मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने. तो खोटारडा नाही. तो साध्या पत्र्यावर घडलेला माणूस असणार. आठ-दहा मिलिमीटरची साधी एमएस प्लेट, गेट, पाण्याच्या टाकीचा स्टँड, या कामांत त्याचं जवळजवळ सगळंच चालून जातं. तिथे प्रीहीट लागत नाही, ६०१३चा रॉड पिशवीतून काढून लावला तरी पंचवीस वर्षं काही होत नाही. अडचण एवढीच की तोच हात आणि तीच सवय घेऊन माणूस ३० मिलिमीटरच्या क्वेंच केलेल्या, म्हणजे तापवून झटकन विझवून कडक केलेल्या, प्लेटसमोर बसतो.

"वेल्ड मूळ प्लेटपेक्षा मजबूत असतो"

कुठल्या प्लेटपेक्षा? ७०१८ या कमी हायड्रोजनच्या रॉडचं वेल्ड मेटल न तुटता कमीत कमी ४९० मेगापास्कलचा ताण सोसायला हवं असं मानक सांगतं. आयएस २०६२ची ई२५० प्लेट ४१०ची. इथे वेल्ड भारी, फॉरवर्डचं म्हणणं खरं. पण ६९० यील्डची (तेवढ्या ताणाला कायमची ताणली जायला लागणारी) क्वेंच-टेम्पर (विझवून मग पुन्हा बेताने तापवलेली) प्लेट घ्या, तिचं टेन्साइल (तुटण्याचा ताण) ७७०च्या वर असतं. तिच्यावर मारलेला ७०१८ सरळ सरळ नरम आहे. (तरीही पुष्कळदा तोच योग्य असतो. ते पुढे येईल.)

पण खरी गफलत आकड्यांची नाही. वेल्ड आणि प्लेट या दोनच गोष्टी आहेत असं हे वाक्य धरून चालतं. मधला तिसरा त्यात नाहीच. वेल्डला लागून प्लेटचा जो दोन-चार मिलिमीटरचा पट्टा न वितळता तापतो, त्याला आम्ही 'हॅझ' म्हणतो. तो वितळण्याच्या जवळ जाऊन येतो आणि शेजारची थंड प्लेट त्याची उष्णता ओढून घेते. पाण्यात छिन्नी विझवावी तसा तो पट्टा कडक होतो. हाय-स्ट्रेंथ प्लेटमध्ये कार्बनच्या जोडीला मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम असतात, त्यामुळे तो अधिकच कडक होतो. कडकपणा ३५० व्हिकर्सच्या पुढे गेला की वेल्डिंगची माणसं सावध होतात. सूक्ष्म तडे जन्माला येतात ते बहुतेक याच पट्ट्यात. वेल्डच्या कडेला, जिथे बीड प्लेटला भेटतो त्या 'टो'पाशी, किंवा खाली सांध्याच्या मुळाशी, 'रूट'मध्ये.

मेलबर्नचा किंग्ज ब्रिज १९६१ साली वाहतुकीला खुला झाला. १० जुलै १९६२च्या थंड सकाळी, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, त्यावरून ४५ टनांचं वाहन जात होतं, तेव्हा एक गाळा खाली बसला. कोणी दगावलं नाही, कारण खालच्या भिंतींनी तो अडवून धरला. पूल बांधला होता त्या काळच्या हाय-टेन्साइल पोलादात. गर्डरच्या खालच्या फ्लँजवर (आडव्या प्लेटवर) जादा पट्ट्या जोडल्या होत्या. पट्टी जिथे संपते तिथल्या आडव्या फिलेट (कोपऱ्यात भरलेल्या) वेल्डच्या 'टो'पासून तडे सुटले होते. तुटलेले भाग तपासताना एका तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे गर्डर कारखान्यातून निघण्याआधीच तडा होता आणि त्यावरून ब्रश फिरला होता. वेल्ड तुटला नाही, हे फॉरवर्डवाल्याचं म्हणणं तिथेही शब्दशः खरं ठरलं असतं. तुटला तो गर्डर, तेही वेल्डच्या कडेपासून.

"प्लेटहून भारी रॉड वापरा"

ऐकायला तर्कशुद्ध, कामात घातक. रॉड जितका भारी तितकं त्याचं वेल्ड मेटल कडक, थंड होताना ताणाला कमी नमणारं आणि हायड्रोजनला जास्त हळवं (हा हायड्रोजन कुठून येतो ते पुढे). मग तडा हॅझमध्ये न येता थेट बीडमध्येच आडवा येतो.

भाचा ज्या बकेटा करतो त्यांचंच घ्या. हार्डॉक्स ४५०ची प्लेट साध्या प्लेटच्या साधारण तिप्पट कडक. पण ती बनवणारी कंपनीच सांगते की जोडायला नरम रॉड किंवा वायर घ्या, यील्ड ५०० मेगापास्कलच्या आतली, आणि हायड्रोजन १०० ग्रॅम वेल्ड मेटलला ५ मिलिलिटरच्या आत. झिजणारी प्लेट कडक हवी, जोडणारा सांधा नमता हवा. ज्या सांध्यावर पूर्ण ताण येतो आणि डिझाइननेच तेवढी ताकद मागितली आहे, तिथेच ११०१८सारखा भारी रॉड. फिलेटमध्ये ताकद कमी पडत असेल, तर नरम रॉडने लेग, म्हणजे वेल्डची बाजू, मोठी करणं बहुतेक वेळा जास्त शहाणपणाचं.

"प्रीहीट थंड देशांसाठी असतं"

या एका वाक्याने बाकी सगळ्या वाक्यांहून जास्त नुकसान केलं आहे.

प्रीहीटचा हवामानाशी संबंध थोडा, जाडीशी आणि प्लेटच्या रसायनाशी जास्त. मे महिन्यात विदर्भात प्लेट ४५ अंशांना असेल. पण आर्कखालचं पोलाद १५०० अंशांच्या पुढे असतं. त्याच्या हिशेबाने ४५ काय आणि ५ काय, दोन्ही थंडच. ४० मिलिमीटरची प्लेट म्हणजे उष्णता पिणारी विहीर. बीड पडला की ती चहूकडून उष्णता ओढते आणि हॅझ काही सेकंदांत विझतो. प्लेट आधीच १२०-१५० अंशांना असेल, तर हा वेग मंदावतो. दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो: सांधा बराच वेळ गरम राहतो आणि हायड्रोजनला बाहेर पडायला सवड मिळते.

किती तापवायचं ते अंदाजाने ठरवू नये. मिलच्या (पोलाद कारखान्याच्या) टेस्ट सर्टिफिकेटवर रसायन दिलेलं असतं, त्यावरून कार्बन इक्विव्हॅलंट काढा: कार्बन, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमची बेरीज भागिले ५, अधिक निकेल-तांब्याची बेरीज भागिले १५. समजा प्लेटमध्ये कार्बन ०.१८, मँगनीज १.४, क्रोमियम ०.३, मॉलिब्डेनम ०.१ आहे. उत्तर येतं ०.४९. ढोबळ मानाने ०.४०च्या खाली निवांत, ०.४५च्या वर डोळे उघडे ठेवून. मग जाडी. तीही एका प्लेटची नाही, उष्णता जितक्या वाटांनी पळेल त्या सगळ्या वाटांची. २५च्या फ्लँजवर १६ची उभी प्लेट, म्हणजे वेब, बसवली, तर वाटा तीन: २५, २५ आणि १६. म्हणजे ६६ मिलिमीटर. भाच्यासारखी नवी माणसं हमखास इथे फसतात. "मामा, पंचवीसचीच तर आहे," म्हणतात.

आता प्रत्यक्ष तापवण्याबद्दल. गॅसकटरची ज्योत थंड प्लेटवर फिरवली की प्लेटला घाम फुटतो, ओलसर डाग पसरतो आणि पुढे सरकतो. शॉपमध्ये म्हणतात, "बघा, प्लेटमधलं पाणी निघालं." पोलादात पाणी नसतं, साहेब. ज्योत जळताना वाफ तयार होते, ती थंड पृष्ठभागावर दव होऊन बसते, आणि प्लेट तापली की उडते. घाम उडाला म्हणजे प्रीहीट झालं असं समजून वेल्डिंगला बसलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. त्या क्षणी पृष्ठभाग जेमतेम कोमट असतो, आतला गाभा थंडच. ज्योत काढा, दर २५ मिलिमीटर जाडीमागे दोन मिनिटं थांबा, मग सांध्यापासून थोडं दूर तापमानाचा खडू ओढा. शक्य असेल तर ज्योतीच्या उलट बाजूने. वितळला तर चालू करा.

अती तापवणंही वाईट. क्वेंच-टेम्पर प्लेटची ताकद ही भट्टीत कमावलेली असते. दोन रनमधलं तापमान हार्डॉक्ससारख्या प्लेटला साधारण २२५ अंशांच्या पुढे नेलं, तर ती कमाई वितळून जाते. घाईत एकावर एक रन ओढत गेलं की हे सहज होतं.

"रॉड हाताला कोरडा लागला की पुरे"

हाताला समजेल एवढा ओला रॉड असेल तर तो फेकूनच द्यावा. प्रश्न आहे न कळणाऱ्या ओलीचा. ७०१८चं कोटिंग सिलिकेटने बांधलेलं असतं, ते हवेतलं बाष्प शोषतं. आर्कमध्ये पाण्याचे तुकडे होतात आणि हायड्रोजनचे सुटे अणू वितळलेल्या पोलादात विरघळतात. वितळलेलं पोलाद हायड्रोजन भरपूर पितं, घट्ट झालेलं फार थोडा धरू शकतं. उरलेला अडकतो. पण हा अणू इतका बारीक की तो घट्ट पोलादातूनही, अगदी नेहमीच्या तापमानाला, सरपटत राहतो. जिथे ताण जास्त आणि पोलाद कडक, तिथे जाऊन गोळा होतो. म्हणजे तोच टो, तोच रूट. पुरेसा साठला की दोन-चार कणांएवढा तडा पडतो, मग थांबतो, पुन्हा हायड्रोजन जमतो, पुन्हा पुढे सरकतो.

म्हणून ७०१८ला साधारण ३५० अंशांना तासभर-दोन तास भट्टीत भाजायचं, मग १२० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवायचं, आणि वेल्डरने आपल्या छोट्या ओव्हनमध्ये लागतील तेवढेच न्यायचे. अमेरिकन स्ट्रक्चरल वेल्डिंग कोडमध्ये उघड्या हवेत ठेवायची मुदत ७०च्या वर्गाला ४ तास आहे आणि १००-११०च्या वर्गाला फक्त अर्धा तास. भारी रॉड घ्या म्हणणाऱ्या फॉरवर्डमध्ये हा अर्धा तास नाही. जुलैत कोकणात उघड्या डब्यात पडलेला ११०१८ म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतच बाद.

एक खोड मात्र सांगितलीच पाहिजे. रॉड जॉबला चिकटवून ठेवायचा, करंट वाहू द्यायचा, रॉड लाल व्हायला लागला की तोडून घ्यायचा आणि लावायचा. "भाजला की!" याने कोटिंग तडकतं, आतली ओल जात नाही, आणि जिथे टेकवला तिथे प्लेटवर आर्कचा चटका बसतो. तो दाण्याएवढा ठिपका दिसतो निरुपद्रवी, पण त्याच्याखाली पोलाद क्षणात तापून क्षणात विझलेलं असतं. सूक्ष्म तड्याला तयार घर. आर्क नेहमी सांध्यातच पेटवावा. बाहेर ठिपका पडलाच तर घासून काढावा आणि एमपीआयने (चुंबक आणि लोखंडाच्या भुकटीने तडा शोधायच्या चाचणीने) बघून घ्यावा.

उलट टोकही बघून ठेवा. ६०१० हा सेल्युलोजचा रॉड, त्याला काम करायला थोडी ओल लागतेच. भट्टी आहे म्हणून तोही भाजणारे भेटतात. आणि मुळात हाय-स्ट्रेंथ प्लेटजवळ त्याचं कामच नाही, त्याच्या आर्कमधून भरपूर हायड्रोजन येतो. रॉड सुधारला तरी बाकीच्या वाटा उरतात: गंज, रंग, प्रायमर, कटिंग ऑइल, घामेजलेला हातमोजा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोट-दोन बोटं चकचकीत धातू दिसेपर्यंत ग्राइंडर फिरवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात आधी टाळला जातो तोही हाच.

"बीड नाण्यांच्या चळतीसारखा पडला की दोष नसतो"

सुंदर बीड वेल्डरचा हात सांगतो, पोलादाच्या पोटातलं सांगत नाही. अंडरकट (कडेची खाच), पोरोसिटी (वायूची भोकं), वर आलेला स्लॅग (मळी) डोळ्यांना दिसेल. हॅझमधला तडा पृष्ठभागावर आला तरी केसाहून बारीक असतो, आणि अनेकदा येतच नाही. नाण्यांच्या चळतीचं शेवटचं नाणं मात्र नक्की बघा. रन संपताना रॉड झटकन उचलला की खड्डा राहतो, त्यात चांदणीसारखा तडा पडतो. क्षणभर थांबून खड्डा भरायचा, एवढंच.

"एक्स-रे पास झाला की विषय संपला"

दोन वेगळ्या चुका एकाच वाक्यात बसल्या आहेत.

पहिली एक्स-रेची. फिल्मवर काळा डाग पडतो तो वाटेत धातू कमी लागला म्हणून. पोरोसिटी, स्लॅग चांगले दिसतात. तडा म्हणजे कागदाच्या कडेसारखा. किरण त्याच्या सपाटीला जवळजवळ समांतर गेला तरच रेघ उमटते, थोडा तिरका गेला की काही नाही. फिलेट वेल्डच्या टोखाली तिरपा गेलेला तडा एक्स-रेला सापडण्याची आशा धरू नये. त्याला अल्ट्रासॉनिक, आणि पृष्ठभागाजवळच्याला एमपीआय.

दुसरी वेळेची, आणि ती जास्त महाग पडते. हायड्रोजनचा तडा वेल्ड झाल्याबरोबर पडत नाही. सांधा थंड झाल्यावर, तासांनी, कधी दोन दिवसांनी पडतो. म्हणूनच वर सांगितलेल्या अमेरिकन कोडमध्ये ए५१४सारख्या क्वेंच-टेम्पर पोलादाची तपासणी वेल्डिंग संपल्यावर निदान ४८ तासांनी करायची असं लिहिलं आहे.

माझ्यासमोरची गोष्ट. एका शॉपमध्ये, नाव सांगत नाही, उचलण्याचे लग (हुक अडकवायचे कान) बसवले होते. जाड प्लेट, शनिवारी संध्याकाळी शेवटचा रन, सात वाजता अल्ट्रासॉनिक झालं, स्वच्छ. गाडी रविवारीच हवी होती. मी सोमवारपर्यंत थांबा म्हटलं तेव्हा सुपरवायझरने माझ्याकडे जसं पाहिलं ते मला अजून आठवतं. सोमवारी सकाळी वॉचमनने आपणहून सांगितलं, "रात्री आतून टक् टक् आवाज येत होता, साहेब, मला वाटलं उंदीर." लगच्या कडेला लाल पेनेट्रंट मारला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. दोन मिनिटांत टोच्या बाजूने पांढऱ्यावर लाल रेघ फुटली, आधी ठिपके, मग ते एकमेकांना मिळाले. बोटभर लांब. चौकशी केली तर रॉड सकाळपासून उघड्यावर होते आणि प्रीहीट 'घाम उडेपर्यंत' झालं होतं.

ते लग काढले, सांधे खोदले, आणि या वेळी वेल्ड संपल्यावर प्लेट थंड होऊ न देता दोन तास २०० अंशांच्या वर धरून ठेवली, वरून सिरॅमिक ब्लँकेट टाकून. हायड्रोजन बाहेर काढायचा हा साधा मार्ग. फक्त क्वेंच-टेम्पर प्लेटला किती अंशांपर्यंत जायचं ते मिलच्या कागदावर बघूनच.

लग, क्लीट, हँगर यांना "काय, तात्पुरतं तर आहे" म्हणून हात राखून वेल्डिंग केलं जातं. नॉर्वेच्या बाजूला उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलँड नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म २७ मार्च १९८०ला उलटला, १२३ माणसं गेली. सुरुवात झाली होती एका ब्रेसिंगवर (आधाराच्या नळीवर) हायड्रोफोनचा (पाण्याखालच्या मायक्रोफोनचा) आधार बसवायच्या ६ मिलिमीटरच्या फिलेटपासून. तिथल्याही तड्यात रंग सापडला.

"क्रॅक दिसला तर वरून एक रन मारा"

वरच्या रनने तडा झाकला जातो. खालचं टोक तसंच टोकदार राहतं, आणि आता त्याच्यावर नव्या रनचा आकुंचनाचा ताण. शिवाय छोटी दुरुस्ती म्हणजे थंड प्लेटवर छोटा रन, म्हणजे सगळ्यात जलद विझणारा. पूर्ण खोदा, गोजिंगने (आर्कने धातू वितळवून उडवत) किंवा ग्राइंडरने, दोन्ही टोकांच्या थोडं पुढे जाऊन. एमपीआयने खात्री करा की तडा संपला. प्रीहीट पहिल्यापेक्षा वाढवा. आणि दुरुस्तीलाही पुन्हा ४८ तास.

भाच्याला हे सगळं पाठवल्यावर त्याचा फोन आला. "मामा, एवढं गॅस-रॉड-भट्टीचं करायचं तर रेट कसा जमणार?" त्याच्या बकेटांची प्लेट २० मिलिमीटरची आहे. आम्ही मिलचं सर्टिफिकेट समोर ठेवून हिशेब केला. काही सांध्यांना प्रीहीट लागतंच नाही असं निघालं, बाकीच्यांना थोडंच. होल्डिंग ओव्हन त्याने ओळखीतून जुना घेतला. आणि आता तो प्रत्येक जॉबवर शेवटचा रन संपल्याची तारीख आणि वेळ पांढऱ्या खडूने लिहितो, कारण एमपीआयवाल्याला कधी बोलवायचं ते त्याच आकड्यावरून ठरतं.